शिळा पत्ता

केळी घेणाऱ्या काही व्यापारी मंडळींनी आपलं पोर्टल एका रात्रीत दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं आणि दुसऱ्या दिवशी असोद्याच्या एका सेवा केंद्रात मामा-भाचीची जुंपली. पोर्टल शेतकऱ्यांच्या नेहमीच्या कामाचं: घडांच्या वजनाची पावती चढवायची, भाव बघायचा, पैसे कधी जमा होणार ते बघायचं. रांगेतल्या लोकांच्या मोबाइलवर ते उघडत होतं, केंद्रातल्या संगणकावर मात्र नाही. सगळीकडेच बंद असतं तर दोघांनीही 'सर्व्हर डाउन' म्हणून हात झटकले असते आणि मला लिहायला काही मिळालं नसतं.

केंद्र भाचीचं. संगणकाची पदवी तिने जळगावला घेतली. मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं खांबांवर आणि एक्स्चेंजात गेली, शेवटची ब्रॉडबँडच्या तक्रारी निवारण्यात. दोघं आपसांत लेवा गणबोलीत बोलतात. इथे मी ते प्रमाण मराठीत उतरवलंय. त्यात मामांची निम्मी धार गेली, पण 'मले' आणि 'तुले' यांच्या मध्येमध्ये संगणकाच्या आज्ञा आल्या की पुण्याकडच्या वाचकाला दोन्ही कळेनासं होतं.

भाची : मामा, जरा सरका. दोन सेकंदांचं काम आहे. काळी खिडकी उघडायची, 'आयपीकॉन्फिग' लिहायचं, तिरकी रेघ, पुढे 'फ्लशडीएनएस'. मशीनने जुना पत्ता धरून ठेवलाय. तो पुसला की पोर्टल उघडेल.

मामा : मशीननेच धरलाय हे तुला कुणी सांगितलं?

भाची : मोबाइलवर उघडतंय ना. म्हणजे पोर्टल चालू आहे. इथे उघडत नाही, म्हणजे दोष इथला.

मामा : इथला म्हणजे कुठला? या पेटीतला, त्या राउटरमधला, की राउटर ज्याला विचारतो त्या कंपनीच्या सर्व्हरमधला? मोबाइल टॉवरवरून जातो, त्याचा रस्ता वेगळा. त्याने एवढंच सिद्ध केलं की पोर्टल जिवंत आहे. तुझ्या वायरवर कुठे काय अडलंय ते त्याला काय माहीत?

भाची : पुसल्यावर कळेलच की.

मामा : पुसल्यावर काय कळणार? पुसलं की पुरावा गेला.

वाचकासाठी इथे थोडं थांबतो. आपण साइटचं नाव लिहितो, पण संगणकाला लागतो आकड्यांतला पत्ता. ब्राउझर आधी आपल्यापाशी तो आहे का बघतो, मग विंडोजला विचारतो. विंडोजपाशीही नसेल तर प्रश्न बाहेर जातो: बहुधा राउटरकडे, तिथून इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे, आणि त्यालाही ठाऊक नसेल तर थेट मुळाकडे. आधी रूट, मग 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' सांभाळणारे, शेवटी त्या साइटचा स्वतःचा नाव-सर्व्हर. उत्तर परत येतं तेव्हा त्याच्यासोबत एक मुदत येते, सेकंदांत मोजलेली. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ८६,४०० म्हणजे अख्खा दिवस. तेवढा वेळ वाटेतल्या प्रत्येकाने ते उत्तर जवळ ठेवावं, मुदत संपली की टाकून द्यावं, असा ठराव आहे. पत्ता बदलला आणि मुदत अजून शिल्लक असली की प्रामाणिकपणे साठवलेलं उत्तर शिळं होतं. त्याच्या जोरावर आपण रिकाम्या घराची कडी वाजवत बसतो.

भाची : मग साठवायचंच कशाला? दर वेळी विचारावं. आता काय डायल-अपचे दिवस राहिलेत?

मामा : आमच्याकडे १९७ होतं, आठवतं? तुला कुठून आठवणार. नंबर माहीत नसला की १९७ फिरवायचं, पलीकडची बाई नंबर सांगायची. पण ज्याला रोज एकाच आडत्याशी बोलायचं, तो काही रोज १९७ फिरवायचा नाही. वहीत लिहून ठेवायचा. सगळ्यांनी प्रत्येक फोनला १९७ लावलं असतं तर ते एक्स्चेंज तासाभरात बसलं असतं. तुझं एक बातम्यांचं पान उघडलं तरी जाहिराती, फोटो, व्हिडिओ धरून डझनावारी नावं विचारली जातात. प्रत्येकाला मुळापर्यंत पळवशील?

भाची : आणि वहीतला नंबर बदलला की?

मामा : तोच तर फरक. वहीतल्या नंबरला मुदत नव्हती. इथे आहे. ही केवढी सुधारणा, याचा विचार कर.

भाचीने विचार केला नाही, फ्लश मारलं. यशस्वी झाल्याची ओळ उमटली. पोर्टल उघडलं नाही. मग तिने क्रोम बंद करून पुन्हा उघडला, त्याचा स्वतःचा वेगळा साठा असतो तोही नेट-इंटर्नल्सच्या पानावर जाऊन पुसला, शेजारचा दुसरा ब्राउझर लावून बघितला आणि शेवटी राउटरचा प्लग ओढून पुन्हा लावला. हे सगळं इतक्या वेगात झालं की मामांना 'अगं अगं' एवढंच म्हणता आलं.

मामा : याला साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात.

भाची : आणि बाहेर जे उभे आहेत त्यांना काय म्हणतात? त्यातले दोघं मजुरी सोडून आलेत. त्यांचा रोज बुडतोय. तुमच्या पद्धतीने संध्याकाळपर्यंत पुरावे गोळा करत बसले तर उद्या ते नशिराबादला जातील. फ्लशने कुणाचं नुकसान होत नाही, मामा. आठवण पुसली तर ती पुन्हा भरते. पहिलं पान अर्धा सेकंद उशिरा उघडेल, बस.

मामा : फ्लश करू नको असं मी म्हटलंच नाही. एकटं फ्लश कर. मग बघ. उघडलं तर दोष मशीनच्या साठ्यात होता, नाही उघडलं तर नव्हता. तीही तपासणीच झाली. तू काय केलंस? चार गोष्टी एकदम केल्या. आता समज, राउटर सुरू झाल्यावर पोर्टल उघडलं. कशाने उघडलं सांग.

भाची : कशाने का असेना.

मामा : पुढच्या महिन्यात हेच झालं की पुन्हा चारही करशील. त्याच्या पुढच्या महिन्यात पाचवं शोधशील. आमच्याकडे फोन बंदची तक्रार आली की आधी एमडीएफवर टेस्ट. तिथे टोन आहे? मग कॅबिनेटला जा. तिथे आहे? पिलरला. मग डीपीला. शेवटी घरातली वायर आणि यंत्र. मधूनच घुसून आधी यंत्र बदलणारा माणूस दिवसभर खांब चढायचा.

राउटरचे दिवे अजून लाल-पिवळे होत होते, म्हणून मीही तोंड घातलं. मामांच्या बाजूने, हे आधीच सांगतो. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत डायन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला. घरोघरचे कॅमेरे आणि राउटर फितवून उभी केलेली 'मिराई' नावाची फौज तिच्या नाव-सर्व्हरांवर तुटून पडली. ट्विटर, गिटहब, नेटफ्लिक्स, रेडिट यांचे स्वतःचे सर्व्हर धडधाकट होते, पण त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नाही. म्हणून लाखो लोकांना त्या साइट बंद वाटल्या. ज्यांच्या वाटेवरच्या सर्व्हरने मुदत टळलेलं उत्तरही जपून ठेवलं होतं, त्यांचं काम चालत राहिलं. मुळाशी विचारता येत नसेल तर शिळं उत्तर द्यायला हरकत नाही, ते कसं द्यावं याचे नियम मार्च २०२० मध्ये रीतसर लिहिले गेले. शिळं आहे म्हणून फेकलंच पाहिजे असं नाही, इतकंच मला म्हणायचं होतं.

भाची : म्हणजे माझ्या रांगेला सांगू, अमेरिकेत शिळ्याने लोकांना वाचवलं, तुम्ही थांबा?

मला गप्प बसावं लागलं. ती पुढे म्हणाली ते मात्र मी मामांच्याही तोंडून ऐकलं नव्हतं.

भाची : तुम्ही दोघं साठवलेल्या पत्त्याचंच बोलताय. 'पत्ता नाही' हेही साठवलं जातं, ते कुणी सांगत नाही. एका भरतीच्या अर्जासाठी नवीन साइट निघणार होती. काही पोरं हपापल्यासारखी वेळेच्या आधीपासून नाव टाकून बघत होती. तेव्हा ते नाव नोंदलेलंच नव्हतं, म्हणून 'असं नाव नाही' हे उत्तर आलं आणि तेच वाटेत जमा झालं. साइट सुरू झाल्यावर जो आरामात जेवून आला त्याला पहिल्या फटक्यात उघडली. जी पोरं पहाटेपासून बसली होती त्यांना 'नाही'च दिसत राहिलं. तेव्हा मी फ्लश मारलं आणि त्यांचे अर्ज भरले. तुमचा तो पिलर-कॅबिनेटचा हिशेब मांडत बसले असते तर?

मामा : चांगलं केलंस. तुला रोग माहीत होता म्हणून औषध लागलं. आज माहीत नाही.

या नकाराच्या साठ्याचे नियम १९९८ सालचे आहेत, आणि 'नाही' किती वेळ धरून ठेवायचं हे ते 'नाही' सांगणाऱ्या मूळ नाव-सर्व्हरचा मालकच ठरवतो. आपली साइट सुरू होण्याआधीच तिची जाहिरात करणाऱ्यांना हे माहीत असतं तर कितीतरी ठिकाणचा घोळ टळला असता.

राउटर हिरवा झाला. पोर्टल उघडलं नाही.

मामांनी खुर्ची ओढली. त्यांनी दोनच आज्ञा सांगितल्या, टंकल्या भाचीने. पहिली 'एनएसलुकअप' आणि पुढे पोर्टलचं नाव. उत्तर आलं: वर राउटरचा पत्ता, खाली पोर्टलचा, आणि मध्ये 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह' असा शेरा. मूळ मालकाने सांगितलेलं नाही, कुणीतरी आपल्या साठ्यातून सांगतोय, एवढाच त्याचा अर्थ. लोक त्याला उगीच घाबरतात. मग तोच प्रश्न राउटरला वगळून गुगलच्या ८.८.८.८ ला विचारला. तोच पत्ता. ज्याचा मोबाइल चालत होता त्याच्याकडून पडताळला. तोच. म्हणजे नवा पत्ता अगदी या टेबलापर्यंत येऊन पोचला होता.

मामा : आता पिंग.

भाची : पिंगला हे सर्व्हर उत्तरच देत नाहीत.

मामा : न देवोत. पहिली ओळ बघ. नावापुढे चौकटी कंसात पत्ता आहे ना, तो वाच.

तिने वाचला. पत्ता जुना होता.

या दोन आज्ञांमधला फरक अनेक शिकलेल्यांनाही माहीत नसतो. एनएसलुकअप विंडोजच्या आठवणीला विचारतच नाही, सरळ सर्व्हरकडे जातो. पिंग मात्र ब्राउझरसारखाच विंडोजच्या दारातून जातो. एनएसलुकअप नवं सांगतोय आणि पिंग जुनं, म्हणजे दोष पेटीच्या आत. दोन्ही जुनं सांगत असते तर दोष बाहेरचा, आणि मग मशीन कितीही घासलं तरी आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लिनक्सवर साठा पुसायला 'रिझॉल्व्हसीटीएल' आहे, मॅकवर 'एमडीएनएसरिस्पॉन्डर'ला पुन्हा उठवावं लागतं. पण पुसण्याआधी थेट सर्व्हरचं आणि मशीनचं अशी दोन उत्तरं शेजारी ठेवून बघायची चाल सगळीकडे सारखीच.

मामा : तर तू म्हणत होतीस तेच बरोबर. दोष मशीनमध्येच.

भाची : पण मी फ्लश केलं होतं ना. पुसल्यावरही टिकलं म्हणजे... होस्ट्स.

हे तिला सुचलं, मामांना नाही. होस्ट्स ही फाइल त्यांनी नावाने ऐकली होती, उघडलेली नव्हती. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. त्या आतल्या खोलीत 'होस्ट्स' नावाची, पुढे टिंब-टीएक्सटीसुद्धा नसलेली, साध्या मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली. वर मायक्रोसॉफ्टच्या हॅश लावलेल्या सूचना आणि सगळ्यात खाली एक ओळ: २०३.०.११३.१०, मध्ये चार-पाच मोकळ्या जागा, मग पोर्टलचं नाव. (खरा पत्ता छापत नाही. हा उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे, तिथे कुणी राहत नाही.) कधीतरी, नाव विचारलं की उत्तर मिळत नाही अशा एखाद्या दिवशी, केंद्राची मशीनं बघणाऱ्या तेव्हाच्या टेक्निशियनने पत्ता इथे हाताने ठोकून दिला होता. तोवर पोर्टलने घर बदललं नव्हतं, म्हणून ती ओळ कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. या फाइलपुढे बाहेरच्या सर्व्हरांचं काही चालत नाही, आणि फ्लश तिला हातही लावत नाही.

या फाइलची वंशावळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळ्या इंटरनेटची पत्त्यांची यादी एकेकाळी अशीच एक फाइल होती. नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी, मुक्काम कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सांभाळायला एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची माणसं. नवीन संगणक जोडला की त्यांना कळवायचं, ते यादीत नाव घालणार, मग जगातल्या बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. संगणक शेकड्यांत होते तोवर चाललं. पुढे यादी उतरवून होईपर्यंत ती जुनी व्हायला लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावं वाटून सांभाळण्याची आजची पद्धत आखली, आणि त्यात प्रत्येक उत्तराला मुदत लावली. जुनी फाइल मात्र कुणी काढून टाकली नाही. प्रत्येक विंडोज, लिनक्स, मॅकच्या पोटात ती अजून आहे, आणि अजूनही बहुधा आधी तिचंच ऐकलं जातं.

मामा : बघ. मी वहीचं म्हटलं होतं ना? ही वही. हिला मुदत नाही. साठ्यातला पत्ता जास्तीत जास्त दिवसभर नडला असता, विंडोज नेहमीच्या रिवाजाने त्याहून जास्त ठेवत नाही. ही ओळ तुझ्या पोरांच्या लग्नापर्यंत बसली असती.

भाची : आणि हा उद्योग कुणाचा? त्या टेक्निशियनचा. त्याला बोला.

मामा : त्याला कशाला बोलू? त्या दिवशी दारात रांग असणार. त्याने दोन सेकंदांत काम चालवून दिलं. तुझ्यासारखंच.

भाची थोडी चिडली. मला वाटतं तिचं चिडणं रास्त होतं.

भाची : असं नका म्हणू. त्या दिवशी तुम्ही असता तर कॅबिनेटपासून सुरुवात केली असती. नाव-सर्व्हर तर बाहेरचाच बंद होता, तो तुम्हाला दुरुस्त करता आला नसता. शोध बरोबर लागला असता आणि लोक तसेच परत गेले असते. त्याने त्यांना परत पाठवलं नाही. माझी तक्रार एवढीच की तारीख आणि कारण लिहून ठेवलं नाही. हॅश टाकून एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

मामा : मग हेच तर मी...

भाची : तुम्ही फ्लशबद्दल म्हणत होता. फ्लश मागे काही ठेवत नाही. ही ओळ मागे राहिली. दोन्ही एकाच मापाने मोजू नका. कॉलेजात आम्हाला जावाचं शिकवलं होतं. त्यात सिक्युरिटी मॅनेजर लावून चालवलेला प्रोग्राम एकदा मिळालेला पत्ता बंद होईपर्यंत सोडायचाच नाही. सर्व्हर हलवला की तो प्रोग्राम जुन्याच दारात. तिथे लोक फ्लश मारून थकायचे, कारण आठवण विंडोजची नव्हतीच, प्रोग्रामची होती. शिळ्याचा दोष नाही मामा, मुदत न लावणाऱ्याचा आहे.

मला विचाराल तर त्या दुपारचं सगळ्यात नेमकं वाक्य हे. मामांनीही ते मान्य केलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला आणि गाडी पोर्टलवाल्यांकडे वळवली.

मामा : त्यांनी तरी रातोरात का हलवावं? आम्ही नंबर बदलायचो तेव्हा जुन्या नंबरवर टेप लावायचो, 'हा नंबर बदलला आहे'. महिनोन्‌महिने ती टेप वाजायची.

भाची : इथेही तसं करता येतं. दोन दिवस आधी मुदत ८६,४०० वरून ३०० वर आणायची. एक दिवस जाऊ द्यायचा, म्हणजे जुनी लांब मुदत घेऊन बसलेले सगळे रिकामे होतात. मग पत्ता बदलायचा. जुना सर्व्हर आठवडाभर तसाच चालू ठेवायचा. सगळं नीट झालं की मुदत पुन्हा वाढवायची. पैसा लागत नाही. आठवण लागते, ती कुणाला नसते.

मामा : मग साठवणाऱ्यांना कशाला शिव्या?

भाची : कारण पोर्टलवाले माझ्या समोर बसलेले नाहीत. हे मशीन आहे.

मध्येच विद्यापीठावरून एक उपकथा झाली. मामा अजून 'उमवि' म्हणतात; १९९० सालचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं झालं, आणि बहिणाबाई असोद्याच्या माहेरवाशीण, म्हणून भाची मामांना दर वेळी दुरुस्त करते. आज मात्र तिने उलटा मुद्दा काढला. नाव बदललं, पाट्या बदलल्या, साइटच्या पत्त्यातलं 'एनएमयू' मात्र तसंच राहिलं. ते बदललं असतं तर जुन्या निकालांच्या किती लिंका मेल्या असत्या, असं तिचं म्हणणं. मामांचं म्हणणं, मग मी जुनं नाव घेतलं तर तुला का टोचतं? याचा निकाल लागला नाही.

फाइल दुरुस्त करताना पुन्हा एक अडखळ झाली. नोटपॅड साध्या पद्धतीने उघडलेलं, त्यामुळे 'सेव्ह'ला परवानगी मिळेना. मग तिने ती घाईत डेस्कटॉपवर ठेवली, तर तिला टिंब-टीएक्सटी चिकटलं, आणि तशा नावाच्या फाइलला विंडोज विचारतही नाही. शेवटी नोटपॅड प्रशासकाच्या हक्काने उघडलं. आता प्रश्न आला ओळीचं काय करायचं.

मामा : पुसू नको. पुढे हॅश टाक, आजची तारीख लिही, लिही की पोर्टलने घर बदललं म्हणून ही बंद केली.

भाची : कचरा कशाला ठेवायचा? पुसते.

मामा : उद्या पुन्हा नाव मिळेनासं झालं तर पुढचा टेक्निशियन पुन्हा हीच ओळ टाकेल. त्याला दिसू दे की हे एकदा करून झालंय आणि अंगाशी आलंय.

भाची : पुढचा टेक्निशियन ही फाइल उघडून वाचेल असं वाटतं तुम्हाला?

तरी तिने हॅश टाकला, तारीख लिहिली, कारण लिहिलं. सेव्ह केलं, पिंगच्या कंसात नवा पत्ता आला, पोर्टल उघडलं. रांगेतल्या पहिल्या शेतकऱ्याने पावती पुढे सरकवली आणि विचारलं, प्रिंट मिळेल का. प्रिंटर दुसऱ्या संगणकाला जोडलेला. मामांना विषय मिळाला.

मामा : प्रिंटरचंही हेच बरं का. एका खोलीतल्या यंत्रांना एकमेकांचा पत्ता विचारावा लागतो, तो हार्डवेअरचा, ४८ बिटांचा. एआरपी म्हणतात त्याला, १९८२ पासून आहे. नवा प्रिंटर जुन्याच आयपी पत्त्यावर लावला की संगणक थोडा वेळ जुन्या यंत्राला हाका मारत बसतो. विंडोज, लिनक्स अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुन्हा चौकशी करतात, पण काही मोठे राउटर चार-चार तास धरून ठेवतात. तिथे 'एआरपी' आणि पुढे आडवी रेघ 'ए' लिहून यादी आधी...

भाची : मामा, प्रिंटर चालतोय. पण या मशीनवरही पोर्टल उघडत नाही.

मामा उठले. हेही मशीन त्याच टेक्निशियनने बसवलेलं, तेव्हा इथेही ती ओळ असणार, असा त्यांचा होरा. आधी पिंग, मग एनएसलुकअप, मग होस्ट्स, असा क्रम सांगत ते टेबलापाशी पोचेपर्यंत भाचीने काळी खिडकी उघडून फ्लश मारलं होतं.

पोर्टल उघडलं.

मामा : होस्ट्समध्ये ओळ आहे का बघ.

भाची : असती तर उघडलं नसतं.

मामा : मग जुना पत्ता साठ्यात आला कुठून? याच राउटरवरून ते मशीन नवा आणतं आणि हे जुना? कंपनीकडे उत्तर द्यायला एकाहून जास्त सर्व्हर असतील, एकाने सकाळी जुना दिला असेल. पुसण्याआधी 'डिस्प्लेडीएनएस'ने यादी फाइलमध्ये उतरवून घ्यायची, किती मुदत उरली होती ते तरी दिसलं असतं. आता कसं कळणार?

भाची : नाही कळणार. पुढचे कोण?